सावधान

रात्रीच चार्जिंगला लावून ठेवला होता फोन.
जागा व्हावी म्हणून जुने तीनशे फोटो पुसले –
धानाच्या पुंजण्याचे, शेळीच्या पिलांचे,
आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे.
देवचंद निजामाबादच्या भट्टीवरून बोलला होता,
"आचल पुढं झेंडा धरनार न? पुरा काढजो. कापजो नोको."

सकाळी बोडीवर धुकं.
लाखोरीच्या बांधावरून पोट्टे येत होते,
पांढऱ्या मोज्यांना निळी फुलं चिकटलेली.
पटांगणात फक्कीची रेघ,
रेघेच्या आत सरपंचबाई,
आणि त्यांच्याहून दोन पावलं पुढं त्यांचा नवरा.
मेंढे मॅडमनी दोरीची गाठ तीनदा सोडली, तीनदा बांधली.
पंधरा ऑगस्टला ती अडली होती
आणि सारा टोला मान दुखेपर्यंत
नुसत्या गाठीकडं पाहत राहिला होता.

मला तेवढंच पाहिजे होतं –
घडी सुटते, झेंडूच्या पाकळ्या गळतात
आणि खाली माझी पोरगी.
पण चौकटीत कधी सरपंचाच्या नवऱ्याचा खांदा,
कधी दुसऱ्याच कुणाचा फोन, त्यात तिसऱ्याचा.
मी सरकले, मागच्या बाया सरकल्या,
वाऱ्यात धान कलतो तशी अवघी गर्दी डावीकडं कलली.
हापशावर चढलेलं पोट्टं ओरडलं, "आता! आता!"
मी लाल ठिपका दाबला.

दोरी ओढली, घडी सुटली,
पाकळ्या अर्ध्या वाटेत होत्या
आणि मॅडमचा आवाज आला – सावधान.

हात आपोआप खाली आला.
याच शाळेत सात वर्षं काढली मी,
तो शब्द माझ्या कोपरात राहतो.
लग्नात भटजीनं म्हटला तेव्हाही
हार हातात धरून मी टाचा जुळवल्या होत्या.
फोन मांडीला टेकून, आडवा, तसाच चालू.

मग डोळ्यांनीच पाहिलं.
आचलच्या भुवईवर एक पाकळी येऊन बसली.
ती गात होती, पाकळी हलत होती,
हात उचलायचा नाही हे तिला ठाऊक होतं.
बावन्न सेकंद तिनं ती तशीच राहू दिली.

घरी येऊन पाहिलं तर
सगळी जमीन.
सुलकनचं जोडवं, त्याला गुंडाळलेला दोरा.
कुणाच्या तरी बुटाला सुतळीची नाडी.
बुंदी वाटायच्या आधीच
बुंदीचा दाणा घेऊन निघालेली एक मुंगी.
आणि बिसनभाऊंचे उघडे पाय,
चप्पल रेघेबाहेर काढून ठेवलेली,
टाचेला टाच, थरथरत.
वरून गाणं येत होतं
विहिरीत उतरून ऐकावं तसं.
"यात मी कुठं हाओ?" आचलनं विचारलं,
आणि फुगून बसली, बुंदीला हात लावला नाही.

पुसणार होते. बोट टेकवलंही होतं.
पण पुरा काढजो म्हणाला होता,
आणि पुरा तर होता.

रात्री दोन निळ्या खुणा झाल्या.
बराच वेळ काही नाही.
मग त्याचाच फोन आला –
"तो बिसनभाऊचा पाय व्हय न? भरला घाव?"
कापणीत विळा लागला तेव्हा
यानंच गाडीवर बसवून तुमसरला नेलं होतं,
आणि तिसऱ्या दिवशी भट्टीची बस धरली होती.
भरला, मी म्हटलं. चालतात आता, जरा ओढून.
"अन् आपली?"
मग मी पाकळीचं सांगितलं.
मागं भट्टीतलं कुणीतरी खोकत होतं.
"कोन्या भुवईवर?" त्यानं विचारलं.

मला आठवेना.
आचल झोपली होती, तोंड भिंतीकडं.
थांब, म्हटलं,
आणि फोनचा दिवा लावून
हळूच तिचं तोंड वळवलं माझ्याकडं.